कारागीर अज्ञात

ग्रामीण कलावस्तूंवरचं ते जाड, गुळगुळीत पुस्तक काढणारे लोक पुण्याहून केशोरीला आमच्या घरी आले होते. आमची धानाची कोठी पाहून त्यांना कौतुकाचं भरतंच आलं. मी दहावीत होतो त्या वर्षी आईनं मातीत तनस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून ती घडवली होती. त्यांनी कोठीवरचं टोपलं हटवलं, मागची टीव्हीची वायर काढायला लावली आणि आईला म्हणाले, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." आई बाजूला झाली आणि तिनं चहा ठेवला. कोठी कोणी केली, हे एवढ्या शिकलेल्यांपैकी एकानंही विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्यांनी उपकार केल्यासारखी एक प्रत पाठवली. कोठीला अख्खं पान होतं. लिंपताना उमटलेल्या आईच्या बोटांना त्यात 'सृजनाचं आदिम चिन्ह' म्हटलं होतं.

आईला वाचता येत नव्हतं. "खाली काय लिहून आहे?" तिनं विचारलं.

मी वाचलं, "अंदाजे शंभर वर्षे जुनी. कारागीर अज्ञात."

आईनं पानावरच्या कोठीवर बोट ठेवलं.

"मंग त्याहिले चाय कोनं देल्ली होती?"