वाटणीच्या पट्ट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला तर न्हाईच. तुम्हाला का सांगून राह्यलो? तुम्ही मला ओळखत न्हाई, एवढंच कारण असेल.

मी परतूरला कारकून. फावल्या वेळात लाकडी जहाजं बांधतो. हसू आलं ना? येऊ द्या. बायको तर पाहुण्यांसमोरच म्हणते, "नळाला पाणी आठ दिवसांनी, अन् आमच्या घरात जहाजं!" किटचा डबा पार्सलनं येतो. आत नकाशा, प्लायचा सांगाडा आणि करंगळीहून अरुंद अशा लाकडी पट्ट्यांच्या जुड्या. सांगाड्यावर एकेक पट्टी चिकटवत गेलं की पाच-सहा महिन्यांत हातभर लांबीचं जहाज उभं राहतं.

हा नाद मला लावला सोनवणे सरांनी. आमच्याच गल्लीत राहतात, चित्रकलेचे शिक्षक होते, आता रिटायर. त्यांचा हात — काय सांगू? दोन पट्ट्यांमधला सांधा शोधून सापडायचा न्हाई. माझं जहाज त्यांच्या जहाजाशेजारी ठेवलं की गोवर निघाल्यासारखं दिसायचं. आठ वर्षं मी हे बघितलं. सर कधी हसले न्हाईत. हसले असते तर बरं झालं असतं का? माहीत न्हाई.

किटमधल्या लाकडाचा काही भरोसा नसतो. पट्ट्या दिसायला सारख्याच, पण काही पाण्यात भिजवल्या की हव्या तशा वळतात, अन् काही इतक्या ठिसूळ, की जरा वाकवली की कट्ट. म्हणून सरांचा एक नेम होता. आम्ही एकसारखी दोन किटं सोबतच मागवायचो. दोन्हींच्या पट्ट्या एका सतरंजीवर टाकायच्या, एकेक हलकी वाकवून बघायची, चांगल्यांचा एक ढीग, ठिसूळ पट्ट्यांचा एक. मंग दोन्ही ढिगांतून एक तुमची, एक माझी. ठिसूळ पट्ट्या तळाला लावायच्या, जिथं वळण नसतं. लाकूड कसंही येवो, दोघांना सारखं, असं सर म्हणायचे.

दोन वर्षांखाली सरांना अर्धांगवायूचा हलका झटका आल्ता. उजवा हात महिनाभर उचलत नव्हता. मंग व्यायाम केला, हात आला. डॉक्टर म्हणाले, बिलकुल बरा. पण सरांचाच स्वतःवर विश्वास बसेना. मला म्हणाले, "भाऊसाहेब, डॉक्टरचं सोडा. हे एक जहाज होऊ द्या. झालं तर हात आपला, न्हाई झालं तर समजून घेऊ."

म्हणजे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो — मला सगळं ठाऊक होतं.

किटं आली त्या दिवशी सर लेकीकडं हसनाबादला गेल्ते. फोन केला तर म्हणाले, "तुम्हीच करा की वाटणी. तुमच्यावर काय पहारा ठेवू?" मी सतरंजी टाकली. घरात कुणी नव्हतं. एकेक पट्टी वाकवून बघितली, दोन ढीग केले. आणि मंग — चांगल्या सगळ्या माझ्या डब्यात भरल्या. ठिसूळ सगळ्या त्यांच्या. राग होता का? न्हाई. एकदा तरी माझं जहाज सरांच्यापेक्षा देखणं व्हावं, असं वाटलं. एवढंच.

सर आले. "झाली बराबर वाटणी?"

"बराबर," मी म्हणालो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल. सर जहाजाच्या नाकाडाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, वळणावर पट्टी बसवायचे, ती मोडायची. दुसरी जास्त वेळ भिजवायचे, तीही मोडायची. लाकडाची पारख त्यांना माझ्याहून दसपट. पण वाटणी मी केलेली — मंग खोट लाकडात कशी असेल? ते पट्टीकडं बघायचेच न्हाईत. स्वतःच्या बोटांकडं बघत बसायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "तुमच्याही मोडून राह्यल्या का हो?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक खोटं तर आधीच बोललो होतो, दुसरं कुणाच्या कामी तरी आलं असतं. पण मी खरं बोललो. म्हणालो, "न्हाई सर. माझ्या मस्त वळतात." आणि वर एक वाक्य जोडलं, जे कुणी मागितलं नव्हतं — "आता वयाचंही बघायला पाहिजे."

पट्ट्या का चोरल्या, ते मला सांगता येतं. हे वाक्य का बोललो? ते अजून सांगता येत न्हाई.

सरांनी काम थांबवलं. आठवड्याभरानं बारीक करवत, चिमटे, छोटा रंधा, सगळं एका पिशवीत घालून माझ्याकडं आले. "तुमच्याकडं वापरात तरी राहील," म्हणाले. मी पिशवी घेतली. त्याच हत्यारांनी माझं जहाज पूर्ण केलं. ते देखणं झालंय. सर चौकात लोकांना सांगतात, भाऊसाहेब माझ्यापुढं गेले. मी ऐकून घेतो.

परवा त्यांच्याकडं गेल्तो. काकू बाहेर गेल्या होत्या, तर सरांनीच चहा केला. पातेलं, गाळणी, कप — सगळं डाव्या हातानं. उजव्या हाताला काहीही झालेलं न्हाई, हे मला ठाऊक आहे. तो नुसता बाजूला लोंबत होता. गाळताना चहा ओट्यावर सांडला.

"माफ करा, भाऊसाहेब," सर म्हणाले.

मी फडकं घेऊन ओटा पुसला. कपात उरला होता तो चहा प्यालो आणि घरी आलो.