शंभरचा स्पीड आणि बुधीआजीचा अंगठा

इंटरनेटचा वेग मोजण्यासाठीच परमेश्वराने ज्याला हात दिले आहेत असा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू आहे. इतर पाहुणे घरी आले की चपला काढतात, पाणी मागतात, पंख्याखालची खुर्ची धरतात. आमचे साडू उंबऱ्यातच थांबतात, मोबाईल कपाळाच्या उंचीवर धरतात, डोळे बारीक करून त्यातला काटा बघतात आणि मग त्या घराची लायकी ठरवतात. आमची लायकी त्यांनी बावीस ठरवली आहे. "बावीसवर कसं जगताव तुमी, साडूबुवा?" असं ते दर भेटीत विचारतात, आणि मी मेव्हणीच्या तोंडाकडे बघून चहा विचारतो.

बरं, या वेगाचा त्यांना स्वतःला काडीचा उपयोग नाही. विजेचं बिल ते रांगेत उभं राहून भरतात, गाडीची वेळ स्टेशनावर जाऊन विचारतात आणि मोबाईलवर सिनेमा लावून दिला तर पाचव्या मिनिटाला घोरतात. मोटार घ्यायची, दारात उभी करायची आणि रोज आत बसून नुसता काटा बघायचा, त्यातला हा प्रकार. शिरढोणला नात्यातले एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा ओटीवर सगळे माना खाली घालून बसले होते आणि साडू प्रेताच्या उशाशी मोबाईल उंच धरून उभे. मंडळींना वाटलं, फोटो काढताहेत. थोरल्या मुलाने हुंदका आवरून "काका, राहू द्या" म्हटलं, तर साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "आठ! बापाला शेवटच्या दिसांत आठवर ठेवलात रं!" करंजा बंदरावर मासळीच्या ऐन लिलावात ते असेच सुरमईच्या टोपल्यांमध्ये उभे राहिले, तेव्हा एका कोळणीने त्यांना खडसावलं, "ए बावा, म्हावरा घेतंस का नुसता फोनला हुंगवतंस?" मला ती बाई तेव्हापासून पूज्य आहे.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही तेच. उरणचं स्थळ आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, बंदरात नोकरीला, घर स्वतःचं. साडूंनी पोह्यांना हात लावण्याआधी काटा पाहिला आणि उठलेच. "पोर दिली तं तिनं काय गोल गोल फिरनारा चक्कर बगत बसाचं?" शेवटी पोरगी जिथे दिली तिथे वेग नव्वदच्या वर आहे. सासू कशी आहे, हे मात्र तिथे कुणी मोजलं नव्हतं. ते आता पोरगी मोजते आहे.

असा माणूस ठेकेदार व्हायचा राहतो थोडाच! जमिनी गेल्या, पैसा आला, तसे आमच्याकडे पुष्कळजण ठेकेदार झाले; काहींना तर कशाचे ठेकेदार हे अजून ठरवायचं आहे. अशात डोंगरावरच्या एका ठाकूरवाडीपर्यंत फायबरची लाइन न्यायचं काम निघालं आणि त्याच्या पोटातल्या ठेक्याच्या पोटातला एक ठेका साडूंना मिळाला. त्या वाडीला रस्ता नाही. ओढ्यापाशी डांबर संपतं आणि पुढे आपले पाय. पाणी बायका झऱ्यावरून आणतात. मी भीत भीत म्हटलं, "आधी रस्ता नको का व्हायला?" तर साडू मलाच हसले. "रस्त्याचं काय घेऊन बसलाव? नेट आला का रस्ता मोबाईलमदीच दिसंल!" सरकारदरबारी या विचाराची माणसं पुष्कळ असल्यामुळे काम झटपट मंजूर झालं.

उद्घाटनाला मी गेलो होतो, कारण न जाऊन सांगतो कुणाला? शाळेच्या भिंतीवर एक डबा बसवला होता आणि त्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. नारळ फुटला, फीत कापली. एका पुढाऱ्याने "आज ही वाडी जगाशी जोडली गेली" असं जाहीर केलं आणि स्वतः जगाकडे परत जायला घाईघाईने डोंगर उतरला. साडूंनी मोबाईल आकाशाकडे धरून "शंभर! शंभरच्या वर!" अशी आरोळी ठोकली. लोकांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "शेट, यानी पानी चढंल का वर?" साडूंना ते ऐकूच आलं नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात वाडीचं रेशनचं दुकान आहे. धान्य घ्यायचं तर तिथल्या यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, आणि नेट नसल्यामुळे लोक सकाळी उतरून दिवेलागणीला रिकाम्या पिशव्या घेऊन परत चढत असत. साडूंची लाइन त्या दुकानातूनच वर गेली होती. पहिल्या रेशनाच्या दिवशी आपला पराक्रम बघायला ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात जाऊन बसले आणि बावीसवाल्याला धडा मिळावा म्हणून मलाही घेऊन गेले. रांग भराभरा सरकू लागली. प्रत्येक अंगठ्याला साडू माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. मग बुधीआजी आली.

बुधीआजी एकटी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, या तांदळावरच तिची चूल. तिने अंगठा ठेवला, यंत्राने नाही म्हटलं. दुसरं बोट, तिसरं बोट, नाहीच. साडूंनी तिचे हात धुवायला लावले, स्वतःच्या रुमालाने पुसले, तेल लावलं, तेल पुसलं. यंत्र ढिम्म. साडू घामाघूम. "अगं आये, शंभरचा स्पीड हाय! नीट दाब ना!" म्हातारी आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "तुजा सगला फाष्ट हाय रं शेट, पन माज्या बोटांवं कायच नाय रायला." जन्मभर लाकडं मोडून, काट्यांतली करवंदं काढून, वीटभट्टीवर विटा उचलून रेघा झिजून गेल्या होत्या. गेले कित्येक महिने तिला तांदूळ मिळाला नव्हता. शेजारी देत होते तोवर खात होती. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, दुकानदाराने विचारलं म्हणून सांगितलं.

साडूंनी त्या दिवशी परतताना मोबाईल खिशातून काढलाच नाही. हा चमत्कार मी प्रथमच पाहत होतो. नंतर कळलं की अंगठा उमटत नसेल तर मोबाईलवर आकडे येतात आणि ते सांगितले की धान्य मिळतं. बुधीआजीकडे कुठला मोबाईल? तेव्हा या गृहस्थाने कचेरीत खेपा घातल्या, तिथल्या कारकुनाशी भांडण केलं, त्याच्या टेबलाचाही वेग काढून दाखवला आणि म्हातारीच्या रेशनकार्डाला स्वतःचा नंबर जोडून घेतला.

तेव्हापासून आमच्या सोसण्याला नवं निमित्त मिळालं. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँका कंठशोष करतात. आमचे साडू तो तालुक्याला ऐकवतात. पुतण्याच्या लग्नात भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं आणि मांडवातून साडूंची गर्जना आली, "सात! नऊ! नऊ! दोन! अरं दोन रं, दोन! लिव!" भटजी थांबले, अंतरपाट धरणारे थांबले, नवरदेवाने हार खाली केला. सहाही आकडे दुकानदाराला पोचल्यावर साडूंनी "हं, चालू द्या" म्हणून लग्नाला परवानगी दिली. त्यात सुकापूरला ते ज्या टॉवरमध्ये राहतात, तिथे घरात वायफाय वाऱ्यासारखा आणि मोबाईलला रेंजची दांडी एकही नाही. म्हणून रेशनाच्या दिवशी सकाळपासून ते सोसायटीच्या गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. मेव्हणी म्हणते, "मी हॉस्पिटलात होते, तेव्हा इतका वेळ बसले नव्हते." तिकडून म्हातारी दुकानदाराबरोबर कधी रानातली कंटोळी पाठवायची, कधी कुड्याच्या शेंगा. "यो काय पाला!" असं म्हणून साडू नाक मुरडायचे आणि दुसऱ्या कुणाच्या पानात वाढू द्यायचे नाहीत.

गेल्या रेशनाच्या दिवशी मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. वॉचमनने गेटपाशी माझ्यासाठीही खुर्ची आणली. दुकानदाराचा फोन आला. साडूंनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला, कारण गुप्तता त्यांना मानवत नाही. दुकानदार म्हणाला, "शेट, बुधीआजी गेली. तापानं गेली, चार दिस झालं. मला बी आजच समजला. आता कार्डावरचा नाव कमी कराचा हाय. त्याचा ओटीपी बी तुमच्याच नंबरवर येल. पाठवतंय, सांगा."

फोन टुणकन वाजला. साडूंनी मेसेज उघडला आणि बघत बसले. मी शेजारीच होतो. सहाही आकडे मला स्वच्छ दिसत होते. तिकडून दुकानदार "हॅलो, शेट, आला का? आला का?" करत होता. या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे आणि पुढेही करणार आहे, पण त्या क्षणी मला त्यांचा हात धरावासा वाटला.

"नाय आला रं," साडू म्हणाले. "रेंज नाय हितं. उद्या पाठव. आजचा दिस रावदे तिचा नाव."