हवा बंद पडली त्या दिवशी

कारखान्यात त्यांना सगळे फेसकाका म्हणत. साखर कारखान्याच्या मळीवर यीस्ट वाढवायचं आणि ते वाळवून प्रथिनांची पूड करायची, हे तिथलं काम. टाकीवरचा फेस पाहून आत काय बिनसलंय ते काका सांगत. "कामानं आमच्या तोंडाला फेस येतो, काकांना मात्र टाकीच्या फेसाचीच काळजी," बरोबरीचे चिडवत.

घरी थोरली बहीण आणि भाची. आईमागे ताईनेच त्यांना वाढवलं. लग्न न करता ते तिच्याच घरी राहिले. गेल्या वर्षी ताईला अन्न जाईनासं झालं. प्रथिनं वाढवा, डॉक्टर म्हणाले. काकांनी साहेबांना विचारून पुडीचं पाकीट आणलं, कोमट पाण्यात कालवून भरवलं. दोन चमचे गिळून ताईने तोंड फिरवलं.

"वीस वर्षं हेच करतोस होय रे? याला जरा चव तरी द्यायची!"

दोघं हसली. वाटीतलं उरलेलं तसंच राहिलं.

एका सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आई तुला बोलावतेय. लगेच ये."

ते निघणार तेवढ्यात टाकीला हवा देणारं यंत्र बंद पडलं. हवा नसली की यीस्ट वाढायचं सोडून दारू करत बसतं. आठवड्याची मेहनत मातीत. जोडीच्या राखीव यंत्राची झडप गंजून अडकलेली, आणि ती सोडवायची युक्ती एकट्या काकांना ठाऊक.

"अर्ध्या तासात निघतो," त्यांनी भाचीला फोनवर सांगितलं. ताई संध्याकाळपर्यंत काही जात नाही, असं त्यांना वाटलं. अर्ध्याचे तीन तास झाले.

टाकी वाचली. साहेबांनी पाठ थोपटली. काका घरी पोचले तेव्हा ताईची वाचा बसली होती. त्यांनी तिचा हात धरला. तिने तो दाबला की नाही, त्यांना कळलं नाही. दिवस कलायच्या आत ती गेली.

"काय म्हणत होती गं?"

"तुझंच नाव. मी सांगत राहिले, येतोय, येतोय. मला खोटं पाडलंस, मामा."

चार दिवसांनी कामावर गेल्यावर त्यांनी पॅकिंगला बदली मागितली. साहेबांनी परोपरीने समजावलं, ते बधले नाहीत. आता ते दिवसभर पाकिटांची तोंडं चिकटवतात. घरी भाची त्यांचं ताट वाढते आणि स्वतःचं घेऊन आतल्या खोलीत जाते.