गोळीआधीचा हात
औषधाच्या दुकानात पिवळ्या गोळ्यांची पट्टी दिसली की भिलाईतल्या एका दवाखान्यातली सकाळ आठवते. तिथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेल्या वडिलांचा उजवा हात थरथरू लागला होता. मेंदूत डोपामिन कमी पडत असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता आणि त्यांनी पिवळी गोळी सुरू केली होती. गोळीने किती फरक पडतो ते मोजून डोस ठरवायचा होता, म्हणून त्यांनी सकाळची गोळी न घेता बोलावलं होतं. पण वडील इस्त्रीच्या शर्टात खुर्चीतून चटकन उठले, सांगितल्याबरोबर बोटं भराभर टेकवून दाखवली. आईने तिथेच विचारलं, "गोळी घेतली ना तुमी? कावून घेतली?" "मेडिकल चेकअप होतं ना! प्लांटमध्ये कधी अनफिट निघालो नाही, आता निघू का?" "रिटायर होऊन गेले तुमी. आता कोण काढून राहिलं तुमाले?" डॉक्टर हसले, मग म्हणाले, हा हात पाहून डोस ठरवला तर तो कमी पडेल. दुसऱ्या दिवशी वडील गोळी न घेता, माझ्या खांद्याचा आधार घेत आले. टेबलावर ठेवलेला हात इतका हलत होता की शेजारचा पेन खाली पडला. आईने तो धरायला आपला हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. पाहू दे त्यायले." मग गोळी दिली, तासाभरात बोटं सैल झाली आणि डोस ठरला. आता वडील नाहीत. कुणासमोर आपणहून अनफिट बसलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.