दराबा जेवत नाही

वसंत चौधरी मास्तरांनी एकतीस वर्षं सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्याच एकतीस वर्षांत बुऱ्हाणपुरात त्यांचं नाव झालं ते अंगावर पाल पडली तर काय होतं हे सांगणारा माणूस म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात येतात, असं त्यांना कधी वाटलं नाही. सकाळी फळ्यावर बेडकाचं हृदय काढायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून पंचांगातलं पालीचं पान उघडायचं. पुरुषाच्या उजव्या अंगावर पडली तर लाभ, डाव्या अंगावर पडली तर हानी, बायकांचं उलटं. पुढे कान, ढोपर, अंगठा अशी इतकी वर्गवारी होती की पडण्याआधी पालीलाच विचार करावा लागला असता.

निवृत्तीनंतर ओट्यावरची गर्दी ओसरली. नव्या घरांचे स्लॅब गुळगुळीत झाले, पाली पडेनाशा झाल्या आणि मास्तरांना कोणी विचारेना. हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं, पण ते सांगणार कुणाला?

मग मागच्या कार्तिकात त्यांची मुलगी शीतल इंदूरहून आली ती दोन काचेच्या पेट्या घेऊन. आत लेपर्ड गेको, म्हणजे पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या परदेशी पाली. त्या विकत घेऊन चार दिवस झाले नव्हते, तोच घरमालकाने तिला नवी जागा बघायला सांगितलं होतं. नव्या घराची किल्ली मिळायला तीन आठवडे होते. तेवढे दिवस पाहुण्या माहेरी.

"भिंतीवरच्या पाली मी झाडूने हाकलते," लीलाबाई म्हणाल्या, "आणि माझी लेक विकत आणते. शाबास."

तरी नावं त्यांनीच ठेवली. जास्त पिवळी ती जिलबी, आणि फिकट, गप्प, कोपऱ्यात बसलेली ती दराबा, बुऱ्हाणपूरच्या पांढऱ्या मिठाईवरून.

शीतलने मागच्या खोलीत टेबलावर पेट्या मांडल्या. प्रत्येक पेटीची एक बाजू गरम राहील अशी खाली विजेची चटई, दुसरी बाजू गार. दोन्हीकडे लपायला फुटक्या माठाची खापरं. मधे भोक पाडलेला श्रीखंडाचा डबा, त्यात ओला कागद, म्हणजे कात टाकायला ओलावा मिळतो. पेट्यांच्या तिन्ही बाजूंच्या काचांवर आईचं जुनं लुगडं पांघरलं आणि मग बापाला समोर बसवलं.

"बाबा, दोन आठवडे हात लावायचा नाही. बघायला माणसं आणायची नाहीत. दिवेलागणीला अळ्या ठेवायच्या, नाही खाल्ल्या तर काढून घ्यायच्या. आग्रह करायचा नाही. त्यांना आधी ही जागा आपली वाटू दे."

"मी विज्ञानाचा शिक्षक आहे," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मालूबाई विरजण मागायला आल्या आणि सरळ मागच्या खोलीत शिरल्या. पेटीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मास्तर, ही पाळलेली आहे? म्हणजे पाहिजे त्या जागेवर ठेवता येते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मास्तरांच्या अंगावर काटा आला. मालूबाईंच्या मुलीला रविवारी बघायला येणार होते. बाईमाणूस, म्हणजे मालूबाईंचा डावा खांदा. दोनच मिनिटं. जिलबी चपळ होती, हाताला लागेना. दराबा मात्र उचलली तरी हलली नाही. किती गरीब स्वभावाची आहे, असं मास्तरांना वाटलं. मालूबाईंनी घरी जाऊन अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि रविवारी लग्न ठरलं. ते आधीच ठरल्यासारखं होतं, ही गोष्ट कुणी ध्यानात घेतली नाही.

सोमवारपासून ओटा भरला. पटवारीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेला नंदकुमार आला. भाडेकरू हलत नाही म्हणून एक घरमालक आला. पॉवरलूमवाले एक शेठ म्हणाले, खांदाबिंदा नको, थेट टाळूवर ठेवा, राजयोग पाहिजे. मास्तर धुतलेला सदरा घालून बसू लागले. आवाजाला पुन्हा वर्गातली धार आली.

"आता फक्त पालखी काढायची राहिली," लीलाबाई म्हणाल्या.

जिलबी दुसऱ्या दिवसापासून खात होती. दराबाने नऊ दिवसांत एकाही अळीकडे पाहिलं नव्हतं. या पालींची चरबी शेपटीत असते. दराबाची बोटासारखी भरलेली शेपटी पेन्सिलीसारखी झाली. मास्तरांनी गरम बाजू तपासली, पाणी बदललं, अळी बारीक निवडून ठेवली. कारण काय ते त्यांना माहीत होतं, आणि तेवढं सोडून त्यांनी सगळं केलं.

नवव्या दिवशी शीतलचा फोन आला. दराबा जेवत नाही हे ऐकून ती म्हणाली, "बाबा, कोणी हात लावत नाही ना?"

"छे."

"मग रुळेल ती. नव्या जागी कोणी उचललं ना, की तिला वाटतं आता आपल्याला खाणार. ती गप्प बसते ती भीतीने, बाबा. तुम्हाला सांगायला नको म्हणा."

मास्तर मागच्या खोलीत गेले. दराबा गार बाजूच्या खापराखाली भिंतीला चिकटली होती. त्यांचं बोट काचेला लागलं आणि तिने डोळे गच्च मिटले. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला होत्या. रोज दहा वेळा आपण हिला मरणाच्या दारात नेऊन आणतो, आणि वर हिला गरीब स्वभावाची म्हणतो. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी फोपनारहून भाईदास आला. हा त्यांचा जुना दोस्त, आणि त्यांची सगळी कीर्ती याच्यापासून सुरू झालेली. सव्वीस वर्षांपूर्वी शाळेत भेटायला आला असताना छतावरून त्याच्या अंगावर पाल पडली होती. तेव्हा त्याचा कापूस दोन वर्षं बुडालेला, केळीचे कंद आणून ठेवलेले, पण लावायचा धीर होत नव्हता. मास्तर म्हणाले, उजवा खांदा, लाभ आहे, लाव. त्याने लावले, आणि आज त्याचे ट्रक दिल्लीला जातात. ही गोष्ट त्याने जिल्हाभर सांगितली होती.

"मास्तर, केळीच्या चिप्सचा कारखाना टाकतोय," ओट्यावरच्या पंधरा माणसांदेखत तो म्हणाला. "उजव्या खांद्यावर दोन मिनिट बसवून द्या, बस. आपलं तर पक्कं काम आहे."

"नाही," मास्तर म्हणाले.

"काहून?"

"ती घाबरते. जेवत नाही."

"अरे, माझ्यासाठी नाही? जहाँ से शुरू झालं, तिथेच नाही?"

माणसं हसली. नंदकुमार आत जायला उठला. आज एकाला नाही म्हटलं तरी उद्या सगळे पुन्हा येणार, हे मास्तरांना दिसत होतं. ते दारात आडवे उभे राहिले.

"भाईदास, तेव्हा ती डाव्या खांद्यावर पडली होती."

उठलेला नंदकुमार परत खाली बसला.

"तू दचकलास, तुला कळलं नाही. मी पाहिलं होतं. पुस्तकात हानी होती. तुझं तोंड पाहिलं आणि उजवा म्हणालो. त्याच्यानंतर मी कित्येकांना असंच सांगितलंय. ज्याला जे पाहिजे ते. पालीला काही कळत नाही, मला त्याहून कमी कळतं. आता घरी जा सगळे."

भाईदासने चपला घातल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चौधरी मास्तर फेकू आहेत ही बातमी शाहपूरपर्यंत पोचली होती. कीर्तीला पोचायची इतकी घाई कधी झाली नव्हती. ओटा रिकामा पडला. दूधवालासुद्धा दूध देऊन गालात हसायचा. पटवारीच्या परीक्षेत पडलो तर तुमचं नाव सांगेन, असं नंदकुमार रस्त्यात सांगून गेला.

चौथ्या संध्याकाळी मास्तर अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसले होते. दराबा खापराखालून बाहेर आली. अळ्यांच्या वाटीपाशी थांबली, शेपटीचं टोक थरथरवलं आणि अळी गट्ट केली. मग दुसरी. मास्तर उठले, ओट्यावर आले. सांगायला कोणी नव्हतं.

"अहो, खाल्लं?" लीलाबाईंनी आतून विचारलं.

"दोन," मास्तर म्हणाले.

त्यानंतर रोज ते पेटीत नुसता हात टेकवून बसायचे. हलायचं नाही, धरायचं नाही. तिसऱ्या दिवशी दराबाने बोट चाटलं. पाचव्या दिवशी ती तळहातावर येऊन बसली.

शीतल न्यायला आली त्या दिवशी चटया गुंडाळून झाल्या होत्या, रिक्षा दारात होती. मास्तरांनी शेवटचा म्हणून हात टेकवला. दराबा तळहातावर चढली आणि थांबलीच नाही. बाहीवरून, दंडावरून, पाय रोवत खांद्यावर पोचली आणि मानेच्या उबेला अंग टेकून बसली. मास्तर श्वास रोखून उभे राहिले. लीलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"डावा खांदा! नेमकी जाताना!"

मास्तरांना पुस्तक तोंडपाठ होतं. डावा खांदा, हानी. आणि दारात रिक्षा. सगळं खोटं आहे हे चारचौघांत सांगून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दारातून कोणीतरी खाकरलं. केळीचा घड हातात घेऊन भाईदास उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्याने मास्तरांचं तोंड पाहिलं, मग खांद्यावरच्या पालीकडे नीट निरखून पाहिलं.

"उजवा आहे, मास्तर," तो म्हणाला. "मी इथून बघतोय ना."