इंगळीची पाठ

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आमचे हे बोटीवर, सासरे मुंबईला गोदीत. रत्नागिरीच्या घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. पावसाआधी आवाराचा गडगा सारखा करताना मी एक दगड उलथला आणि खाली इंगळी! तळहाताएवढा काळाकुळकुळीत विंचू, उन्हात निळसर हिरवी झाक मारणारा. खेकड्यासारख्या दोन्ही नांग्या उगारून माझ्यापुढे उभी. एवढीशी ती, पण मागे हटेना. बाई गं, काय तो रुबाब!

"मेले, बघतेस काय? ठेच!" सासूबाई पडवीतून ओरडल्या.

माझा स्वभाव आधीच उफराटा. कुणी ठेच म्हटलं की माझा हात थांबलाच. हातातलं घमेलं मी तिच्यावर पालथं घातलं. संध्याकाळपर्यंत इंगळी ह्यांनी हौसेने आणलेल्या काचेच्या पेटीत होती. त्यातले मासे केव्हाच मेले होते. खाली ओलसर माती, लपायला अर्धी करवंटी, वर जाळी आणि जाळीवर चिऱ्याचा तुकडा.

"लोकांच्या सुना मांजर पाळतात, आमच्या नशिबी ही!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी रोज स्वयंपाकघरातली झुरळं धरून पेटीत टाकायची. इंगळी हलायचीसुद्धा नाही, आणि पापणी लवायच्या आत झुरळ नांगीत. मी भाजी करपेपर्यंत बघत बसायची.

आषाढात ती सुस्तावली. अंग दोन्ही बाजूंनी फुगलं. ते आधी सासूबाईंनी ओळखलं. "गाभण आहे गो ती," म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

त्या का गप्प झाल्या ते मला ठाऊक होतं. विंचवाची पिल्लं जन्मली की आईची पाठ खातात, आई मरते, असं आमच्याकडे सगळेच सांगायचे. मीही ते खरंच मानत होते. आणि सासूबाईंची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली होती. माहेरी आत्या त्यांना 'विंचवाची पोर' म्हणायची. रागावून नव्हे, साधी हाक मारावी तसं. श्रावणातली ती तिथी म्हणजे आईचा दिवस, म्हणून त्या दरवर्षी उपास करायच्या. हे सगळं त्यांनी मला एकदा भांडी घासता घासता सांगितलं होतं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

"आई, मी हिला कातळावर सोडून येते," मी म्हटलं.

"नको. राहू दे. मला बघायचंय."

एका सकाळी मी जाळीतून डोकावले आणि अंगावर सर्रकन काटा आला. पिल्लं! भिजवलेल्या तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी, मऊ, डोळ्यांचे काळे ठिपके तेवढे दिसत होते. आईने पुढचे पाय दुमडून त्यांना पायरी केली होती आणि एकेक जण धडपडत तिच्या पाठीवर चढत होतं. एक घसरून मातीत पडलं, तर ती बया ते परत चढेपर्यंत जागची हलली नाही. मी चक्क हात जोडले.

सासूबाईंनी पेटीसमोर पाट मांडला. तांदूळ तिथेच निवडायच्या, वाती तिथेच वळायच्या. मी दिसले की विचारायच्या, "खातायत का गो?"

"नाही हो आई, अजून नाही."

आणि मग एका सकाळी त्यांची हाक आली. "खाल्लंनी. खाल्लंनी गो तिला."

धावत गेले. इंगळी निपचित पडली होती आणि पाठभर पांढऱ्या चिंध्या. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मला असा संताप आला! पिल्लांचा, आणि कधी न पाहिलेल्या त्या मेल्या आत्याचाही. मी जाळी काढली, झाडूचा एक हीर उपसला आणि इंगळीला टोचलं. काही नाही. पुन्हा टोचलं.

दोन्ही नांग्या वर! शेपूट वर! हीर तिने माझ्या हातातून हिसकून घेतला. त्या धक्क्याने चिंध्या खाली गळल्या. त्या पिल्लांच्या काती होत्या. पिल्लं करवंटीखाली ठणठणीत, रंगाने पिंगट झालेली, आणि आईची पाठ होती तशी काळी तुकतुकीत. एक ओरखडा नाही.

"जिवंत आहे?"

"आहे तर! बघा ना, हीर ओढून घेतलान!"

सासूबाई काचेला कपाळ लावून बघत राहिल्या. "म्हणजे नुसती बसली होती गो," त्या म्हणाल्या. "पोरं नुसती पाठीवर बसली होती." आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मीही रडले, मला कुठलं आवरतंय!

इंगळीला आणि तिच्या पोरांना मी कातळावर नेऊन सोडलं. श्रावणात ती तिथी आली. मी गेल्या वर्षीसारखे उपासाचे वरी तांदूळ धुवायला घेतले. मागे वळले, तर सासूबाई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून पाटावर बसलेल्या.

"ते राहू दे गो," त्या म्हणाल्या. "निरांजन लाव. आज माझा वाढदिवस आहे."