वकीलसाहेबांची साक्ष

साबणाच्या कारखान्यात वड्यांचं वजन तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत. कायद्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर त्यांचं तोंडही उघडे. कुणावर कुठं अन्याय झाला, ते घास हातात धरून सांगत. मनापासून सांगत, हेही खरं.

समोर बसायचा पेटीवाला. पेट्या भरणारा हा माणूस तोंडाचा फाटका. “बायकांनी कारखान्यात पाऊल टाकू नये,” हे त्याचं ठाम मत, आणि झाडूवाल्या मावशीला तो ते तोंडावर ऐकवी. मग वकीलसाहेब मावशीची बाजू घेऊन त्याच्याशी तावातावानं भांडत.

एका सकाळी वड्या कापायच्या यंत्रात एका कामगाराची दोन बोटं गेली. पात्यापुढची लोखंडी जाळी जागेवर नव्हती. काम भराभर उरकावं म्हणून मुकादमानंच ती आदल्या दिवशी काढली होती. वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या वकीलसाहेबांनी ते पाहिलं होतं, पलीकडून पेटीवाल्यानंही. पण चौकशीत मुकादम म्हणाला, “मावशीनं झाडताना काढली, परत लावायची विसरली.”

मॅनेजरनं आधी वकीलसाहेबांना बोलावलं. मुकादम दाराशीच उभा. मावशी भिंतीला टेकून; हातात झाडू नव्हता, म्हणून हातांचं काय करावं तिला समजेना. वकीलसाहेबांच्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात मुकादमाच्या शिफारशीसाठी गेला होता.

“जाळी कुणी काढली? पाहिलंत तुम्ही?”

“माझं लक्ष काट्याकडे होतं, साहेब.”

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं नसावं, तसं.

मग पेटीवाला आला. “या बाईला पाना कसा धरतात तेसुद्धा ठाऊक नाही! जाळी मुकादमानं काढली. माझ्या डोळ्यांदेखत. लिहा माझं नाव.”

मावशीची नोकरी वाचली. मुकादमाला नुसती ताकीद मिळाली, आणि पंधरा दिवसांत पेटीवाल्याची बदली बाहेर आवारात ट्रक भरायच्या कामावर झाली. वकीलसाहेबांना बढती मिळाली.

बायकोनं विचारलं, “बढती झाली ना? मग चेहरा असा का उतरलाय?” त्यांनी सगळं सांगितलं. ती भांडी घासत राहिली. डब्यापाशीही आता ते गप्प बसत, आणि कुणी कारण विचारत नसे. तेच जास्त झोंबे.

शेवटी जिन्यात मावशीला गाठून ते म्हणाले, “मावशी, मनातून मी तुमच्याच बाजूनं होतो हो.”

पोछा पिळता पिळता ती म्हणाली, “असाल बाबा. पण मला कसं कळायचं? मी आपलं तुम्ही बोललात तेवढंच ऐकलं.”

त्यांचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलेलं सगळं लिहून, खाली सही करून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

“चौकशी कधीच मिटली. आता हे कशाला?” मॅनेजर म्हणाला.

“राहू द्या फायलीत, साहेब.”

तिथून ते आवारात गेले. पेटीवाला घामानं निथळत होता. “मी लिहून दिलं,” ते चाचरत म्हणाले.

खांद्यावरची पेटी न उतरवताच तो म्हणाला, “बरं केलंत,” आणि ट्रकाकडे वळला.

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वकीलसाहेबांना वाटलं.